खचत्या तळाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या आमच्या घरातील जुन्या कागदपत्रांचे कपाट आवरीत असताना एका बंद झालेल्या पासबुकात घडी न घातलेली एक रुपयाची नोट सापडली. ही नोट मला १९८५ च्या उन्हाळ्यात माझ्या आजीने दिली होती. पनवेलजवळची आमची भातशेती त्या वर्षी विकली गेली. पैसे घरात आले त्या संध्याकाळी आजीने प्रत्येक नातवंडाच्या हातावर एकेक कोरी नोट ठेवली आणि म्हणाली, "ही मोडू नका. शेत विकून आलेला पैसा ही कमाई नव्हे." वडीलधाऱ्यांनी तो पैसा दोन लग्ने आणि घराची डागडुजी यांत चारेक वर्षांत संपविला. माझी नोट तेवढी राहिली.

एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढीत नाही. ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची स्वाक्षरी असते. या नोटेच्या मागील बाजूस समुद्रात उभ्या असलेल्या एका मंचाचे चित्र आहे. तो 'सागर सम्राट', ज्याने १९७४ साली 'बॉम्बे हाय' येथे तेल शोधले. या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. परंतु चित्र तेच राहिले. देशाने आपल्या सर्वांत लहान नोटेवर समुद्रतळातील ठेवीचे चित्र छापावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त भूवैज्ञानिक राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. ती नोट त्यांना दाखवून मी सहज म्हणालो, "नाना, समुद्रात एवढा उंच भाग कसा काय वर आला असेल?" नाना हसले. "अहो, तो वर आलेला नाही. सगळाच तळ खचला. तो भाग शेजाऱ्यांपेक्षा कमी खचला, इतकेच."

या एका वाक्याने मला पुढचे काही महिने वाचनास बसविले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, भूशास्त्राचा नव्हे. परंतु जसजसे वाचीत गेलो तसतसे लक्षात आले की गाळखोऱ्याच्या खचण्याचा इतिहास हा मूलतः हिशेबाचाच विषय आहे, आणि हिशेब हा तर आम्हा शासकीय मंडळींचा रोजचा व्यवसाय. म्हणून हा लेख.

आधी पायाखालच्या जमिनीविषयी. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी लालबागेतील तो प्रचंड खडक पाहिलाच असेल, ज्यावर केंपेगौडांच्या नावाचा मनोरा उभा आहे. तो नाइस जातीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. इंदिरानगर याच कठीण, जुन्या, स्थिर पायावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथे जमीन खचण्याची कल्पना मनात येत नाही. आपली कोकणपट्टी मात्र एका फार मोठ्या खचण्याच्या काठावर उभी आहे.

लहानपणी पनवेलच्या आसपासच्या डोंगरांकडे पाहताना त्यांतील काही थर समुद्राकडे कललेले दिसत. घाटावर, सातारा-पुण्याकडे, तेच काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे आडवे असतात. पनवेलचा हा कल भूशास्त्रज्ञांना चांगला परिचित असून 'पनवेलचा बाक' या अर्थाच्या नावाने तो ग्रंथांतून ओळखला जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून जो लाव्हा पसरला, त्याचे हे थर. ते पश्चिमेकडे झुकत समुद्राखाली जातात. म्हणजे सह्याद्रीचा कडा आणि समुद्राखालचा तळ ही दोन वेगळी प्रकरणे नसून एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

ती घटना म्हणजे भूखंडाचे फाटणे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून अलग झाले. पुढे, लाव्हाचे मोठे उद्रेक झाल्यानंतर, सुमारे ६.२ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा सुटून गेला. भूखंड फाटताना भूकवच ताणले जाते आणि पातळ होते. ताणलेल्या भागात लांबच लांब प्रस्तरभंग पडतात. त्यांच्यामधले काही ठोकळे खाली बसतात, काही मागे राहतात. आजच्या मुंबईच्या पश्चिमेस असेच झाले. उत्तरेस सुरतेसमोरचा खोलगट भाग, त्याच्या दक्षिणेस पन्ना-बसई-हिरा हा पट्टा, पश्चिमेस बॉम्बे हायचा उंचवटा, आणखी दक्षिणेस रत्नागिरीसमोरचा भाग, अशी या खोऱ्याची रचना आहे. २०० मीटर खोलीच्या रेषेपर्यंत त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, आहे. त्यात साचलेल्या गाळाची जाडी कोठे १,१०० मीटर, तर कोठे ५,००० मीटर.

फाटण्याच्या वेळचे हे खचणे जलद असते. त्यानंतरचे खचणे मात्र वेगळ्या कारणाने होते. पातळ झालेल्या भूकवचाखाली प्रावरणाचा तप्त पदार्थ वर आलेला असतो. तो हळूहळू निवतो, आकसतो, जड होतो आणि वरचा तळ खाली नेतो. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी ताटात आल्यावर जशी बसते, तसे. केंब्रिजचे डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ साली एका छोट्या निबंधात या दोन टप्प्यांचे गणित मांडले, आणि जगभरच्या गाळखोऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

हिशेबाशी संबंध असलेल्या वाचकांस या दुसऱ्या टप्प्याचे गणित ओळखीचे वाटेल. घटत्या शिलकीवर घसारा काढण्याची जी पद्धत आपण यंत्रसामग्रीला लावतो, तीच ही. दर वर्षी उरलेल्या उष्णतेचा ठरावीक हिस्सा जातो. त्यामुळे आरंभी खचणे अधिक, पुढे कमी कमी. या प्रतिमानानुसार पहिल्या सहा कोटी वर्षांत एकूण खचण्यापैकी साठ टक्क्यांहून थोडे अधिक पूर्ण होते. आपल्या किनाऱ्याचे वयही जवळपास तेवढेच. अर्थात येथे लाव्हाच्या उद्रेकाने गणित गुंतागुंतीचे केले आहे, आणि त्याचा परिणाम किती धरावा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी ढोबळ चित्र हेच.

आता प्रश्न असा की कोट्यवधी वर्षांपूर्वी तळ किती खचला हे मोजायचे कसे? विहीर खोदल्यावर गाळाच्या थरांची जाडी कळते. पण २,००० मीटर गाळ सापडला म्हणजे तळ स्वतःहून २,००० मीटर खचला असे म्हणता येत नाही; कारण गाळाचे स्वतःचेच वजन तळाला आणखी खाली दाबते. येथे मला चालू किमती आणि स्थिर किमती आठवल्या. एखाद्या राज्याचे उत्पन्न दहा वर्षांत तिप्पट झाले असे आकडे सांगतात, परंतु त्यात महागाईचा वाटा किती हे वजा केल्यावाचून खरी वाढ कळत नाही. भूवैज्ञानिकही तेच करतात. वरचा एकेक थर हिशेबातून उचलायचा. खालचे थर ओझ्यावाचून किती फुगलेले असते ते काढायचे, कारण ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक पाणीच असते. त्या काळी पाणी किती खोल होते ते सूक्ष्म जीवांच्या अवशेषांवरून ठरवायचे. समुद्राच्या पातळीतील चढउतार लक्षात घ्यायचे. आणि शेवटी गाळाच्या वजनाचा वाटा वजा करायचा. मग उरते ते खरे, भूहालचालींमुळे झालेले खचणे. १९७० च्या दशकात अँथनी वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत रूढ केली.

एक उदाहरण म्हणून करून पाहू. प्रावरणाची घनता ३.३, गाळाची २.३ आणि समुद्राच्या पाण्याची १.०३ धरली, तर २,००० मीटर गाळापैकी खरे खचणे सुमारे ८८० मीटर भरते. उरलेले १,१०० मीटरहून अधिक खचणे हे निव्वळ ओझ्याचे. म्हणजे डोळ्यांना दिसणारी खोली ही 'चालू किमतीतील' खोली. 'स्थिर किमतीत' ती निम्म्याहून कमी.

आणि वेग? या खोऱ्यातील सर्वांत जाड, ५,००० मीटरच्या भागातही, सहा कोटी वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला मिलिमीटरचा बारावा हिस्सा येतो. आपल्या हाताचे नख एका दिवसात जेवढे वाढते, तेवढाही तळ वर्षभरात खचला नाही. पण तो खचत राहिला, आणि म्हणूनच एकावर एक थर साचण्यास जागा होत राहिली.

त्या थरांची नावे वाचताना मात्र मी काही वेळ थांबलो. भूवैज्ञानिकांनी या समुद्राखालच्या थरांना आणि थरसमूहांना आपल्याच गावांची नावे दिली आहेत: देवगड, बेलापूर, अलिबाग, रत्नागिरी, माहीम, बांद्रा आणि सर्वांत वर चिंचणी. गाव सोडून दूर राहणाऱ्या माणसाला समुद्रतळाच्या नकाशात स्वतःचा जिल्हा सापडावा, याचे समाधान वेगळेच असते.

या थरांत तेलाचा इतिहास लिहिलेला आहे. सर्वांत खाली, फाटण्याच्या काळात आणि त्यानंतर लगेच, खोलगट भागांत सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा चिखल साचला. हा पन्ना थरसमूह, येथील तेलाचा मुख्य उगम. पुढे समुद्र पसरला. गाळाचा मोठा पुरवठा उत्तरेकडून, नर्मदा-तापीच्या बाजूने होत असल्यामुळे दक्षिणेकडे पाणी तुलनेने नितळ राहिले आणि उथळ भागांवर चुनखडक वाढत गेला. तळ हळूहळू खाली जात होता व चुनखडक त्याच गतीने वर चढत होता. बॉम्बे हायचा प्रसिद्ध 'एल-३' हा मायोसीन काळातील चुनखडकाचा थर असाच तयार झाला. नंतर चिखलाचा ओघ वाढला आणि चुनखडकावर शेलचे झाकण बसले.

तेलासाठी दोन परस्परविरुद्ध गोष्टी लागतात. चिखलातील सेंद्रिय द्रव्य शिजण्यासाठी शेजारचा भाग खोल खचला पाहिजे, कारण खोलीबरोबर उष्णता वाढते. आणि शिजलेले तेल वर सरकून थांबण्यासाठी जवळच कमी खचलेली जागा हवी. बॉम्बे हाय ही ती कमी खचलेली जागा. पाण्याची खोली तेथे सुमारे ७५ मीटर, आणि 'एल-३' समुद्रसपाटीखाली सुमारे १,३०० ते १,४०० मीटरवर. नानांचे वाक्य मला आता पूर्ण कळले. संपत्ती शिजली खोल खचलेल्या शेजाऱ्यांकडे. साठली कमी खचलेल्याकडे. अर्थशास्त्रातही असे पुष्कळदा घडते, परंतु तो विषय वेगळा.

आता माणसाचा इतिहास. तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ सालची. १९६० च्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाज 'अकादमिक अर्खांगेल्स्की' याच्या साह्याने खंबायतच्या आखातात व त्याच्या परिसरात भूकंपलहरींचे सर्वेक्षण झाले आणि मुंबईसमोरचा उंचवटा नकाशावर आला. १९७० साली खंबायतच्या आखातातील आलियाबेट येथे देशातील समुद्रातील पहिली विहीर सुरू झाली. तिचा आरंभ पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाला, ज्यांच्या नावाने आमची ही वसाहत ओळखली जाते. खोल पाण्यासाठी मात्र फिरता मंच हवा होता. जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' १९७३ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आशियातील युद्धाने तेलाचे संकट उभे राहिले आणि पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरच्या वर गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

प्रशासक म्हणून मला यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संकट आल्यावर शोध सुरू झाला असता तर तेल मिळण्यास आणखी दहा वर्षे लागली असती. दहा वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या, समजून घेतलेल्या होत्या, म्हणून फळ वेळेवर आले. जतन केलेली नोंद हीही भांडवलच असते.

मालकी कोणाची, हा पुढचा प्रश्न. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार सागरी क्षेत्रातील खनिजे संघराज्याकडे निहित आहेत. मुळात यात प्रादेशिक जलधीचा उल्लेख होता; १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने सागरमग्न खंडभूमी आणि १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्र त्यात आले. म्हणून गुजरात वा आसाम यांना आपल्या जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन मिळते, तसे बॉम्बे हायचे महाराष्ट्रास मिळत नाही. ज्या थरांना अलिबाग आणि बांद्रा ही नावे आहेत, त्यांचे उत्पन्न दिल्लीच्या खात्यात जाते, याबद्दल अनेकांची तक्रार असते. पनवेलच्या डोंगरातील कललेला थर समुद्राकाठी थांबत नाही, रेषा कायद्याची आहे, हे खरेच. तथापि किनारा नसलेल्या राज्यांचाही देशाच्या समुद्रावर हक्क आहे, हा विचारही मला तितकाच न्याय्य वाटतो. माझ्या मते खरा प्रश्न पैसा कोणत्या तिजोरीत जातो हा नसून तो कोणत्या सदराखाली लिहिला जातो, हा आहे.

शासनाच्या हिशेबात पेट्रोलियमपासूनचे स्वामित्वधन व नफ्यातील वाटा हे करेतर महसुलात धरले जातात. महसूल म्हणजे चालू उत्पन्न; ते त्या वर्षाच्या खर्चासाठी असते. पण बॉम्बे हायचे तेल हे चालू उत्पन्न आहे काय? निसर्गाने सहा कोटी वर्षे तळ खचवून जी ठेव केली, ती आपण पन्नास वर्षांत काढीत आलो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथून दिवसाला चार लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होते. नंतर उत्पादन घसरले. थरांतील दाब टिकविण्यासाठी १९८० च्या दशकातच पाणी आत सोडावे लागले, २००० नंतर पुनर्विकासाच्या योजना आल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढविण्यासाठी तांत्रिक साह्य देणारी कंपनी म्हणून 'बीपी'ची निवड जाहीर झाली. हे सर्व प्रयत्न योग्यच आहेत. पण ते ठेव अधिक कार्यक्षमतेने काढण्याचे प्रयत्न आहेत, ठेव वाढविण्याचे नव्हेत.

नॉर्वेचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे एकोफिस्क क्षेत्र १९६९ मध्ये सापडले. १९८४ मध्ये लक्षात आले की तेल काढल्यामुळे तेथील खडूसारखा मऊ चुनखडक दबत असून समुद्रतळच खाली जात आहे. १९८७ मध्ये तेथील मंच सहा मीटरने उचलावे लागले. पुढे काही वर्षे खचण्याचा वेग वर्षाला ४० सेंटिमीटरच्या घरात होता. निसर्गाचा वेग मिलिमीटरच्या अंशांत, माणसाचा हातभर. मात्र त्याच देशाने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम भरली. जमिनीखालची ठेव कमी झाली, तर जमिनीवरची ठेव वाढली पाहिजे, हे साधे तत्त्व. भारताची परिस्थिती निराळी आहे. आपली लोकसंख्या मोठी, गरजा तातडीच्या, आणि आपण तेल आयात करणारा देश. निधी उभारणे आपणांस जमले नसते असे म्हणता येईल. परंतु नोंद करणे तर जमले असते. तेलाच्या पैशातून धरण बांधले की वेतन दिले, हे तरी आपल्याला सांगता आले असते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात आपण यंत्रांचा घसारा वजा करतो, पण भूगर्भातील साठ्याचा घसारा वजा करीत नव्हतो. आता मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या नव्या पद्धतीत नैसर्गिक साठ्यांची घट हा उत्पादनाचा खर्च मानला गेला आहे. ही सुधारणा आपल्या आकडेवारीत जेव्हा पूर्णपणे उतरेल, तेव्हा कदाचित मुंबईसमोरच्या त्या खचत्या तळाला हिशेबात प्रथमच जागा मिळेल.

'सागर सम्राट' अजून कामावर आहे. खोदण्याचे काम संपल्यावर त्याचे उत्पादन मंचात रूपांतर करण्यात आले आणि २०२२ च्या अखेरीस त्याने नव्या भूमिकेत काम सुरू केले.

नानांनी नोट परत देताना विचारले, "हिची किंमत आता किती?" मी म्हणालो, "चालू किमतीत एक रुपया. स्थिर किमतीत फारच थोडी." पण हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. आमच्या शेताच्या पैशातून आज जे काही शिल्लक आहे, ते एवढेच आहे. आणि ते शिल्लक आहे याचे कारण, आजीने ते देताना त्याचे सदर स्पष्ट सांगितले होते.